भिंतीपलीकडची खुर्ची

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. सामानघरात बसून मोज्यांच्या जोड्या लावत होतो. धुवायला अठ्ठावीस जोड्या गेल्या होत्या. सत्तावीस आल्या आणि एक मोजा एकटाच आला. लाँड्रीवाला म्हणतो, मशीननं खाल्ला. मशीन मोजे खात नाही, हे त्यालाही माहीत आहे.

तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी एका बाईंना घेऊन आले. या मॅडम खेळाडूंची आक्रमकता मोजणार आहेत. रग्बीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात कोण किती आक्रमक असतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सेक्रेटरी माझ्याकडे बोट करून म्हणाले, नोंदी लिहायला याला घ्या, मुलाचं अक्षर चांगलं आहे, शुद्धलेखन चोख आहे, दहावी झालेला नाही पण कामाचा आहे. 'दहावी झालेला नाही' हे सांगायची गरज नव्हती.

मॅडम कशाला आल्या ते मला लगेच कळलं. १२ ऑक्टोबरच्या सामन्यात दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, समोरच्या संघाच्या एकाला टॅकल केलं, म्हणजे अंगावर झेपावून पाडलं, आणि त्याचा जबडा मोडला. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन रेषेजवळच उभा होतो. तो आवाज मी ऐकला आहे. दादाचं खेळणं तेव्हापासून बंद आहे. २८ तारखेला शिस्त समिती बसणार. मॅडमचा अहवाल बरा आला तर तो सुटेल, नाहीतर अख्खा हंगाम बाहेर. दादा अठ्ठावीस वर्षांचा आहे. हा हंगाम गेला तर पुढच्या वर्षी त्याला कोण घेणार? एकट्यालाच मोजलं असं दिसू नये म्हणून क्लबच्या चौदाही खेळाडूंना मोजणार आहेत.

ही वही आजपासून लिहायला घेतली. क्लबात काहीतरी शिजतंय. उद्या कोणी काही नाकबूल केलं तर तारखा माझ्याकडे असाव्यात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मॅडमनी सगळ्यांना छापील प्रश्न दिले. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कोणाचा कोणता नंबर ते सेक्रेटरींच्या कपाटात बंद. मला अर्थात कळतं. टेप, पट्ट्या, बाटल्या मीच वाटतो, प्रत्येकाचं अक्षर मी सह्यांच्या वहीत रोज बघतो. दादाचा नंबर अकरा. मॅडमना तो माझा भाऊ आहे हे ठाऊक नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

प्रश्नपत्रिकेत 'तीव्रता' ऱ्हस्व छापली होती. मी चौदाही प्रतींवर पेननं दुरुस्त केली.

एक प्रत उरली ती मी गुपचूप भरून पाहिली. शेवटच्या भागात आठ वाक्यं होती, प्रत्येकाला एक ते पाच गुण. 'माझ्या पाठीमागे लोक माझा विषय काढतात.' 'कोणी कारण नसताना मदत केली तर मी सावध होतो.' 'मला मिळायला हवं होतं ते दुसऱ्याला मिळालं.' असंच सगळं. कोणीही शहाणा माणूस यांना पाच देईल. माझी बेरीज चाळीसपैकी अडतीस झाली. खेळाडूंची सरासरी सतरा. बेरीज तीनदा करून पाहिली, बरोबर आहे. प्रश्नच नीट काढलेले नसावेत.

मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या डब्यातलं अर्धं सफरचंद मला दिलं. का दिलं, कळलं नाही. मी ते घेतलं, पण त्यांच्यासमोर खाल्लं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

खरी परीक्षा वेगळीच आहे. तालमीच्या हॉलमागे दोन छोट्या खोल्या आहेत, मध्ये भिंत. एका खोलीत खेळाडू बसतो. दुसरीत त्याचा 'प्रतिस्पर्धी'. दिवा लागला की दोघांनी बटण दाबायचं. जो मागे पडेल त्याच्या कानात कर्कश आवाज वाजतो. किती मोठा वाजवायचा ते समोरच्यानं आधी ठरवायचं, शून्य ते दहा. अशा पंचवीस फेऱ्या. खेळाडूंना सांगितलंय की हा चपळाईचा खेळ आहे. खरं म्हणजे चपळाई कोणीच बघत नाही. माणूस समोरच्याला किती मोठा आवाज देतो तेवढंच मोजायचं.

आणि त्यातली गंमत अशी, की पलीकडच्या खोलीत आवाज वाजतच नाही. हेडफोनची वायर टेबलाखाली तोडून गाठ मारून ठेवली आहे. पलीकडच्या माणसानं फक्त आत जाताना दिसायचं, खुर्ची सरकवायची आणि पडद्यावर येणारे आकडे लिहायचे.

त्या खुर्चीवर कॉलेजचा एक परका मुलगा बसणार होता. तो कालच ताप आल्याचं सांगून पळाला. मॅडमनी बराच वेळ कपाळावर हात ठेवला आणि मग मला विचारलं, तू बसशील का? म्हणाल्या, ओळखीचा माणूस नको असतो, पण दुसरा कुठून आणू आता.

तक्त्यावरचे रकाने समजावून दिले. शेवटच्या रकान्याचं नाव 'संशय'. खेळाडूला ही सगळी बनवाबनवी आहे असा सुगावा लागला होता का, एवढंच त्यात लिहायचं, हो किंवा नाही. 'हो' लिहिलं की त्याची परीक्षा रद्द, आणि परत घेता येत नाही. एकदा उलगडलेली युक्ती दुसऱ्यांदा चालत नाही. मॅडम म्हणाल्या, "खुर्चीवरच्या माणसालाच ते जाणवतं. तुझी नजर बारीक आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हे कौतुकानं म्हणालं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गुप्ततेच्या कागदावर सही केली. घरी दादानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय मास्तर, त्या खोलीत काय चाललंय?" शुद्धलेखनावरून तो मला मास्तर म्हणतो. मी म्हटलं, सांगता येत नाही. तो बरं म्हणाला आणि झोपला. इतक्या लवकर बरं म्हणणं मला पटलं नाही.

वही आता माझ्या गादीखाली ठेवतो. वर एक काडेपेटीतली काडी आडवी. कोणी हात लावला तर कळेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

आईचा थर्मास दहा वाजल्यापासून जागेवर नव्हता. दादाही नव्हता. साडेबाराला दोघं एकदमच परत आले. कुठे गेला होतास विचारलं तर म्हणाला, "पाय मोकळे करायला." थर्मास घेऊन कोणी पाय मोकळे करत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुला नसत्या चौकशा. म्हणजे तिलाही माहीत आहे.

माझा अंदाज, दुसऱ्या क्लबाशी बोलणी चालू आहेत.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज चौघं झाले. नोंदी मॅडमच्या तक्त्यात आहेतच, पण मला जे वाटलं ते इथे.

बुलडोझर, म्हणजे आमचा सगळ्यात धिप्पाड गडी, ज्याला बघून समोरचा संघ रस्ता बदलतो, त्यानं सरासरी दोन दिला. बाहेर पडल्यावर मला गाठून विचारलं, "कान ठीक आहेत ना रे?" मी ठीक आहेत म्हणालो. त्यानं खिशातून गोळी काढून दिली, चघळ म्हणाला. त्याला माझ्याकडून काय हवं आहे ते बघायला पाहिजे.

आणि हसऱ्या. चोवीस तास दात काढत फिरतो, सगळ्यांचा लाडका. त्यानं पहिल्याच फेरीला आठ दिला, मग नऊ, मग सलग अकरा वेळा दहा. भिंतीपलीकडून त्याचं हसणं ऐकू येत होतं. आवाज वाजत नव्हता हे खरं आहे. पण वाजतोय असं समजून त्यानं दिला ना?

संध्याकाळी तालमीनंतर हसऱ्याला ओला टॉवेल गेला. मुद्दाम नव्हे. वरचा तोच होता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कोच सामानघरात आले. दाराकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे बाहेरून मी दिसू नये. म्हणाले, अकरा नंबरचं काय ते आधी मला कळलं तर बरं. मी म्हणालो, मी आकडे लिहितो, मला नंबरांची माणसं माहीत नाहीत. कोच म्हणाले, "तुझ्याच घरात राहतो की रे." म्हणजे मी भाऊ म्हणून पक्षपात करणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मॅडमना कळलं तर त्यांनाही असंच वाटेल. मी कोणालाही झुकतं माप देणार नाही. ते दिसायलाही हवं.

रविवार, १६ नोव्हेंबर

काडी पडलेली आहे.

सकाळी उठलो तेव्हा पाहायचं राहिलं. दुपारी पाहिली तर वही होती तिथेच, पण काडी गादीच्या फटीत, आणि वहीचं तोंड भिंतीकडे होतं. मी नेहमी दाराकडे ठेवतो. खोलीत आम्ही दोघंच झोपतो. तोडलेली वायर, संशयाचा रकाना, सगळं या वहीत आहे. आणि दादाची पाळी उद्याच.

दादा आजही थर्मास घेऊन गेला. या वेळी सोबत नळ्यांचं पाकीट होतं, शीतपेयाला लावतात तशा, वाकणाऱ्या. कसल्या बोलण्यांना नळ्या लागतात?

सोमवार, १७ नोव्हेंबर

दहा वाजून पाच मिनिटांनी दादा आला. मी बोळातून माझ्या खोलीकडे चाललो होतो, आमची नजरानजर झाली. मॅडमनी त्याला सांगितलं, हा तुमचा प्रतिस्पर्धी. दादा हसला नाही. मी आत गेलो, खुर्ची सरकवली, मेलेला हेडफोन कानाला लावला.

पहिली फेरी शून्य. दुसरी शून्य. तिसरी, चौथी, पाचवी शून्य. मला वाटलं यंत्र बिघडलं. दार किलकिलं करून मॅडमना खूण केली, त्यांनी खुणेनंच सांगितलं की यंत्र ठीक आहे. दहावी शून्य, पंधरावी शून्य. पंचवीस फेऱ्या झाल्या आणि माझ्या तक्त्यावर वरपासून खालपर्यंत पंचवीस शून्यं उभी होती.

शून्य कोणी देत नाही. चौदा जणांपैकी तेरा झाले, सगळ्यात मऊ माणसानंही एखादा तीन-चार दिलाच आहे. आणि हा माणूस, ज्यानं जबडा मोडला, तो शून्य देतो? त्याला माहीत होतं. त्यानं वही वाचली होती. समितीसमोर गरीब गाय म्हणून उभं राहायचं आहे. आणि बनवायचं तरी किती, एक-दोन आकडे तरी द्यायचे होते. मला इतका बावळट समजतो.

संशयाच्या रकान्यात मी 'हो' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. खाली रेघ मारली.

मॅडमनी विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. त्यांनी कसं ओळखलंस ते विचारलं नाही. माझ्या नजरेवर त्यांचा विश्वास आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मी बरोबर केलं. सख्ख्या भावाच्या बाबतीतही.

झोप लागली नाही. दादा मात्र घोरत होता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अहवाल समितीकडे गेला. तेरा जणांचे आकडे, अकरा नंबरपुढे 'परीक्षा ग्राह्य नाही.' कोचनी दादाला मैदानाच्या कडेला घेऊन सांगितलं. मी लांबून बॉलमध्ये हवा भरत होतो. दादानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तसाच उभा राहिला. मग आला आणि मला म्हणाला, "ग्राह्य नाही म्हणजे काय रे मास्तर?"

मी शब्दाचा अर्थ सांगितला.

तो म्हणाला, "मी काय चुकलो? बटण तर दाबत होतो."

किती सफाईनं बोलतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी आई माझी गादी उचलून गॅलरीत नेत होती. मी धावलो. ती म्हणाली, "अरे, मागच्या शनिवारी कोरडं ऊन होतं म्हणून वाळवली होती, आज परत वाळवते. ओल धरलीये. तुझी वही होती खाली, ती परत होती तशी ठेवली." मी विचारलं, उघडली होतीस? ती म्हणाली, मला तुझं अक्षर लावायला वेळ आहे का.

मागचा शनिवार म्हणजे १५ तारीख. काडी तिनं पाडली.

मी मोजत बसलो. दादानं वही वाचलीच नाही, असं यातून सिद्ध होत नाही. आईनंतरही वाचता येते. पण काडी तर आधीच पडली होती, म्हणजे माझ्याकडे पुरावा काहीच नाही. 'हो' लिहिलं तेव्हाही नव्हता.

थर्मास आज परत गेला. मी कुठे म्हणून विचारलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मॅडमनी एक शेवटचं काम दिलं. परीक्षा संपल्यावर प्रत्येकाला त्यांनी एक प्रश्न विचारला होता, 'पलीकडच्या माणसाबद्दल काय वाटलं?' उत्तरं खेळाडूंनी आपल्या हातानं लिहिली आणि ती पाकिटात बंद होती. आता ती त्यांच्या प्रबंधासाठी माझ्या अक्षरात उतरवून काढायची.

बुलडोझरनं लिहिलंय, 'तो लहान चणीचा आहे, जपून दिलं.' हसऱ्यानं लिहिलंय, 'मज्जा आली. तो नेहमी माझ्याकडे चोर असल्यासारखं बघतो.'

अकरा नंबरच्या कागदावर दादाचं गिचमिड अक्षर. चार चुका. मी त्या दुरुस्त करून उतरवलं ते असं:

'पलीकडे माझा धाकटा भाऊ होता. त्याला आवाज कशाला देऊ? मी प्रत्येक वेळी जिंकायचा प्रयत्न केला, कारण मी हरलो आणि त्यानं ठरवलेला आवाज मला वाजला, तर त्याला वाईट वाटणार.'

तीनदा वाचलं. पहिला विचार आला तो इथे खरा लिहितो: त्याला माहीत असेल की हे मीच उतरवून काढणार आहे, म्हणून लिहिलं. मग वाटलं, त्या दिवशी मॅडमनाही माहीत नव्हतं की मी उतरवणार.

कागद पाकिटात घातला. पाकीट चिकटवताना जीभ कोरडी पडली होती, पाण्यानं चिकटवलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं. उभ्यानंच, सगळं एका दमात.

त्यांनी विचारलं, "अकरा नंबर तुझा कोण?"

"भाऊ."

"चुलत?"

"सख्खा. एका खोलीत झोपतो."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मला वाटलं ओरडतील. त्या हसल्या, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. म्हणाल्या, ओळखीचा माणूस बसवायचा नसतो हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि मी बसवला तो सख्खा भाऊ. मी म्हणालो, मग 'हो' खोडून 'नाही' करा, मी सही करतो.

"कशाच्या आधारावर? आधी भावाच्या विरुद्ध लिहिलंस, आता भावाच्या बाजूनं बोलतोयस. समितीनं यातलं खरं कोणतं धरायचं?"

त्या म्हणाल्या की त्यांची चूक त्या लेखी कळवतील, पण काय झालं ते मीच समितीपुढे सांगायला हवं. त्यांनी सांगितलं तर ते ऐकीव.

निघताना एक विचारलं, शून्य बघितल्यावर तुला दुसरं काहीच सुचलं नाही का? मी खरं ते सांगितलं. नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज तरी दादाला सांगायचं होतं. तो जेवताना सांगणार होतो, मग भांडी घासताना. तो शिट्टी वाजवत होता. सांगितलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरची खोली. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे तीनच ग्लास. दादा एका बाजूला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. समोरच्या बाजूला तो, जबडा मोडलेला खेळाडू. त्याला मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघितला. दातांना अजून तारा आहेत.

मॅडमचं पत्र वाचलं. मग मला उभं केलं. मी जे झालं ते सांगितलं. काडी सांगितली, शून्यं सांगितली, 'हो' सांगितलं. दादाकडे बघितलं नाही. तो बुटांकडे बघत होता, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे तुझ्याकडे पुरावा नव्हता."

"नव्हता."

"मग लिहिलंस का?"

मी म्हणालो, मला शून्य कोणी देईल असं वाटलं नाही. एकजण घोटभर पाणी प्यायला.

मग टेबलाच्या टोकाच्या सदस्यानं जे म्हटलं ते बरोबर होतं, म्हणून जसंच्या तसं लिहितो. "हे सगळं खरं धरलं तरी उपयोग काय? भावाला शून्य दिलं, यावरून परक्याला काय देईल ते कळत नाही. परक्याला काय दिलं ते तर समोरच बसलंय."

सगळ्यांनी जबडेवाल्याकडे बघितलं. तो तारांमधून बोलायला लागला. शब्द चावून बाहेर येत होते, अध्यक्षांना दोनदा परत विचारावं लागलं. तो म्हणाला, हा माणूस गेले सहा रविवार माझ्याकडे येतो. सूप आणतो. पहिल्या दिवशी माझ्या बायकोनं तोंडावर दार लावलं, तर पायरीवर ठेवून गेला. आता आत येतो, बसतो, फारसं बोलत नाही. सूपात मीठ कमी असतं.

टोकाच्या सदस्यानं विचारलं, म्हणजे तुम्ही त्याला माफ केलंय?

"नाही," तो म्हणाला. "जबडा माझा आहे. पण अख्खा हंगाम बसवू नका."

आम्हाला बाहेर थांबवलं. वीस मिनिटं. दादा खिडकीशी, मी जिन्याशी. थर्मासबद्दल मी या वहीत काय काय लिहिलं आहे ते मला आठवत होतं, पानासकट.

निकाल: आठ सामने बंदी. हंगाम वाचला, निम्मा.

दादा जबडेवाल्याशी दोन मिनिटं बोलला. मग माझ्या अंगावरून जिना उतरून गेला. मी पुढच्या बसनं आलो.

रविवार, ३० नोव्हेंबर

दोन दिवस बोलणं नाही. आई दोघांनाही वेगवेगळं वाढते आणि दोघांनाही तेच सांगते, आधी जेवा. मी मॅडमना तक्ते, शिक्के, उरलेले कागद परत केले. त्यांना सगळ्याच परीक्षा पुन्हा घ्याव्या लागणार, दुसऱ्या क्लबात, परक्या माणसाला बसवून. त्यांनी माझ्याशी हात मिळवला. का, असं मनात आलं. मग नुसताच मिळवला.

सोमवार, १ डिसेंबर

दुपारी सव्वाचार. कोचनी दादाला आठ सामने होईपर्यंत सामानघरात लावलंय. हात रिकामे राहिले की डोकं चालतं, म्हणाले.

तो आला आणि न विचारता जर्सींच्या घड्या घालायला लागला. बाह्या आत दुमडत होता. त्यानं नंबर चुरगळतो. सहा जर्सी झाल्यावर म्हणालो, बाह्या मागे घे. त्यानं सहाही उलगडल्या आणि परत घातल्या.

बराच वेळ आम्ही दोघं घड्या घालत होतो. मग तो म्हणाला, "एक सांग मास्तर. खरंच काही ऐकू येत नव्हतं?"

"नाही. वायर तोडलेली होती."

"म्हणजे मी पंचवीस वेळा उगाच जीव काढला."

मी म्हणालो, चूक झाली माझी. हे मी तीन दिवस पाठ करत होतो, त्यात अजून बरीच वाक्यं होती. ती आठवली नाहीत.

त्यानं एक जर्सी झटकली, टेबलावर पसरली, बाह्या मागे घेतल्या. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वेळी दहा देणार. पंचवीसच्या पंचवीस वेळा."

तो हसला नाही. अगदी गंभीरपणे बोलला. मला ते खरं वाटलं नाही.

जर्सी एकूण ३०. घडी घातलेल्या २७. कॉलर उसवलेल्या २. दादाच्या अंगावर १, त्याला सांगितलं धुवायला टाक. सामने बाकी ८.